ताडपत्रीवरचं ठिगळ

“ही माझी गाडी नाही,” मेव्हणा म्हणाला.

टेबलासमोर पाच-सहा माणसं उभी होती. त्यांना ऐकू जावं म्हणूनच तो मोठ्यानं बोलला. जन्मभर इंजिनाच्या वरच्या पट्टीत बोललेला माणूस, त्याला हळू बोलताच येत नाही. मी मान वर केली नाही. बारीक ब्रशनं बोनेटवरची धूळ झटकत राहिलो.

“नंबर वाच,” मी म्हणालो.

“नंबर माझाच आहे. पण माझ्या गाडीच्या फाळक्यावरची रेघ वाकडी होती, भावजी. तुम्हीच मारलेली. इथं सरळ कशी झाली?”

“तेहेतीस वर्षं वाकडी आहे, वाकडी आहे म्हणून माझं डोकं खाल्लंस. आता सरळ केली तर तेही सोसवेना?”

“आता करून काय उपयोग? तेव्हा करायची होती.”

बघणाऱ्यांतले दोघं हसले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढच्या टेबलाकडे सरकले.

सात महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. शेवटचं बोलणं हॉस्पिटलच्या जिन्यात झालं होतं, आमची ही गेली त्या दिवशी. तेही ‘कागद कुठे आहेत’ आणि ‘गाडी बोलावली का’ एवढंच. त्यानंतर तो मला नको होता आणि मी त्याला. आणि आज अकरा वाजता, प्रदर्शनाचं दार उघडल्या उघडल्या, इस्त्रीचा शर्ट घालून तो माझ्या टेबलासमोर हजर.

प्रदर्शन छोट्या गाड्यांचं होतं. एका शाळेच्या हॉलमध्ये आमचं मंडळ ते वर्षातून एकदा भरवतं. मंडळात एकोणीस माणसं आहेत. एक दातांचे डॉक्टर, एक बँकेतला, एक निवृत्त गणिताचे सर, असे. घरी बसून प्लास्टिकच्या पातळ शीटा कापायच्या, पितळी तारा वाकवायच्या आणि खऱ्या गाडीची हुबेहूब लहान गाडी उभी करायची. बाकीच्यांना तो छंद आहे. मी मोठ्या गाड्यांची बॉडी बांधतात त्या कारखान्यात एकतीस वर्षं रंगारी होतो. मला तेवढंच येतं. फक्त आता चोवीसपट लहान करतो.

या चोवीसनं मला नादावलं होतं खरं. समोर काही दिसलं की मी मनात चोवीसनं भागायचो. दार, बस, विजेचा खांब. एकदा हिनं विचारलं होतं, “आणि मी किती भरेन हो?” मी लगेच सांगितलं, साडेसहा सेंटिमीटर. ती म्हणाली, “म्हणजे तुमच्या नजरेत आहे तेवढीच.”

तर हा ट्रक मेव्हण्याचा. म्हणजे खरा ट्रक त्याचा. तेहेतीस वर्षांपूर्वी त्यानं तो जुना घेतला आणि रंगवायला आमच्या कारखान्यात आणला. रंग बघायला त्याची मोठी बहीण बरोबर आली होती. पुढे लग्न झालं, तेव्हा कारखान्यातले म्हणायचे, गडी गाडी रंगवायला आला आणि बहीण देऊन गेला. वर रेघ वाकडी म्हणून भांडलाही.

तीन वर्षांपूर्वी तो ट्रक भंगारात निघाला. ही म्हणाली, त्याची गाडी करा. मी साफ नाही म्हणालो. त्या वाकड्या तोंडाच्या माणसासाठी मी डोळे फोडून घेऊ?

“त्याच्यासाठी नका करू,” ती म्हणाली. “माझ्यासाठी करा. मी देईन त्याला.”

मी भंगारवाल्याच्या आवारात दोन दिवस टेप घेऊन बसलो. एकशे चाळीस मापं घेतली. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पानं मोजली, चाकांचे नट मोजले, केबिनच्या दारावर कोपर टेकून टेकून उडालेला रंग मोजला. हिनं सीटची कव्हरं शिवली, दोन बोटांएवढी. शिवणकाम हा तिचा धंदाच होता. पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवून तिनं आमच्या पगाराला टेकू दिला. आणि मग मी न सांगता तिनं ताडपत्रीही शिवली.

त्या ताडपत्रीचं सांगायला हवं. लहान गाडीवर खरं कापड चालत नाही. कापड कितीही तलम घ्या, त्याचा धागा चोवीसपट लहान होत नाही. मग ताडपत्री गोणपाटासारखी दिसते. म्हणून आम्ही टिश्यू पेपर घेतो, पातळ गोंदात भिजवून गाडीवर टाकतो, सुरकुत्या पाडतो, वाळला की रंगवतो. हे आमच्यातल्या नवशिक्यालाही ठाऊक असतं. तिला ठाऊक नव्हतं. तिनं खाकी अस्तराची ताडपत्री केली, कडेनं दोरी ओवायला काजं केली आणि एका कोपऱ्याला काळ्या कापडाचं ठिगळ लावलं.

एका रविवारी मंडळाची बैठक आमच्या घरी होती. ट्रक टेबलावर, ताडपत्री ट्रकवर. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, “हे काय नवीन?” ही चहाचा ट्रे घेऊन दारातच होती. मी म्हणालो, “हे आमच्या बाईसाहेबांचं. स्केल-बिल काही नाही. त्यात कापड कमी पडलं म्हणून ठिगळ. गरिबाघरचा ट्रक आहे, सांभाळून घ्या.”

सगळे हसले. तीही हसली. ट्रे ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताडपत्री काढून तिच्या शिलाई मशिनवर ठेवली आणि टिश्यू पेपर भिजत घातला. तिनं काही विचारलं नाही. फक्त त्यानंतर ट्रकच्या कामाला हात लावला नाही. मला वाटलं, दिसेनासं झालं असेल. वयच तसं. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी मी ती ताडपत्री शोधायला लागलो. मशिनचे खण, ब्लाऊजपिसांची बोचकी, औषधांची पिशवी. कपाट ओढून मागं पाहिलं. गादी उसवली. शेजारी आवाज ऐकून यायचे, म्हणायचे, छंद आहे ते एक बरं आहे, मन रमतं. मी त्यांच्या तोंडावर दार लावायचो. कुणाला सांगितलं नाही काय शोधतोय ते. सांगितलं असतं तर ‘कशाला’ म्हणून विचारलं असतं.

आता हॉलमध्ये मेव्हणा वाकून ट्रक बघत होता. चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ फाळक्याला लागलेलं.

“हात लावायचा नाही,” मी म्हणालो.

“नाक लावतोय. यावर काय घातलंय हे?”

“ताडपत्री.”

“कागद आहे हा.”

“लांबून कागद दिसत नाही.”

“मी जवळ उभा आहे ना.” तो सरळ झाला. “ताईनं शिवलेली कुठाय?”

मी पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली.

“सापडत नाही ना?” तो म्हणाला. त्यानं खिशातून लायसन ठेवायची प्लास्टिकची पिशवी काढली. मागच्या कप्प्यातून घडी केलेलं खाकी कापड काढलं आणि उलगडून तळहातावर धरलं. कोपऱ्यात काळं ठिगळ होतं.

माझा हात आपोआप पुढं गेला. त्यानं मूठ मिटली.

“अं हं. हात लावायचा नाही.”

“दे ते.”

“का? स्केलमध्ये बसत नाही ना?”

“ते माझ्या घरातलं आहे.”

“तुमच्या घरातूनच आलं. स्वतः आणून दिलं तिनं. म्हणाली, ठेव तुझ्याकडे, इकडे हसतात.”

मी टेबलाच्या बाजूनं बाहेर आलो आणि त्याची मूठ धरली. तो हलला नाही. स्टिअरिंग फिरवून फिरवून झालेला हात, माझ्या दोन हातांनी उघडतोय कसला? दोन म्हातारे मुठीवरून झटापट करतायत म्हणून लोक गोळा व्हायला लागले. मंडळाचे सेक्रेटरी, तेच गणिताचे सर, धावत आले.

“अहो काका, हे काय चाललंय? परीक्षक पलीकडच्या रांगेत आलेत!”

“याला बाहेर काढा,” मी म्हणालो.

“मी तिकीट काढून आलोय,” मेव्हणा म्हणाला. “आणि गाडी घेतल्याशिवाय जाणार नाही. काय हो सर, तुम्हीच सांगा. बहीण म्हणाली होती, प्रदर्शनात एकदा मांडली की गाडी तुझी. सात महिने वाट बघितली. यांचा फोन नाही. म्हटलं आपणच जावं.”

सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “गाडी कुणाला द्यायची नाही.”

आणि ते खरं होतं. मी तसं ठरवून बसलो होतो. त्या ट्रकच्या केबिनमध्ये तिनं शिवलेल्या दोन सीट होत्या. तिच्या हातचं न उसवलेलं, न वापरलेलं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं. ते मी याच्या घरात, टीव्हीवर धूळ खायला पाठवणार नव्हतो. शब्द दिला असेल तर तिनं दिला होता. मी दिला नव्हता.

“ऐकलंत?” मेव्हणा सरांना म्हणाला. “असा माणूस आहे. ताईनं पस्तीस ओळखीच्यांना सांगितलं असेल, आमचे हे भावाची गाडी करतायत म्हणून. हे मात्र तिला चारचौघांत हसले.”

“हसलो ते कापडाला.”

“कापड कुणाचं होतं?”

तेवढ्यात परीक्षक आलेच. दोघं होते. एक उंच, गळ्यात भिंग अडकवलेले, या विषयावर लिहिणारे गृहस्थ, आणि एक तरुण बाई, हातात गुणांचा कागद घेऊन. मेव्हणा दोन पावलं मागं झाला, गेला मात्र नाही.

उंच परीक्षकांनी भिंग लावून चाकांपासून सुरुवात केली. पाटे बघितले, नट मोजले. केबिनमध्ये टॉर्च मारला. मग ट्रकच्या मागच्या बाजूला आले आणि थांबले.

“वा,” ते म्हणाले. “ही ताडपत्री बघा. अख्ख्या हॉलमध्ये असं काम नाही. वजन दिसतंय, ओल दिसतेय. इथंच लोक घसरतात, कापड लावतात नि सगळ्या मेहनतीची माती करतात. तुम्ही नाही लावलंत.”

“लावलं होतं,” मेव्हणा मागून म्हणाला.

“कोण हे?”

“गाडीचे मालक,” मी म्हणालो. तोंडातून तसंच गेलं.

परीक्षकांना गंमत वाटली. “म्हणजे खऱ्या ट्रकचे? मग तुम्हीच सांगा की, कशी काय जमलीय ताडपत्री?”

“चुकीची आहे,” मेव्हणा म्हणाला.

“चुकीची?”

“माझ्या ताडपत्रीला मागं डाव्या कोपऱ्यात ठिगळ होतं. गाडी घेतली त्या वर्षी पहिल्याच लांबच्या फेरीला वाऱ्यानं कोपरा फाटला. माल भिजला असता. ताईनं तिची छत्री फाडली आणि तेवढ्या जाड कापडावर हातानं टाके घातले. बोटात सुई मोडली होती तिच्या. पुढं ताडपत्री पार चाळण झाली पण ते ठिगळ निघालं नाही. अजून आहे. स्कूटरवर घालतो. घरी येऊन बघा.”

मी म्हणालो, “भंगारवाल्याकडे ताडपत्री नव्हती.”

“नव्हतीच. सांगतोय ना, घरी आहे.”

“रंगवायला आणलीस तेव्हाही नव्हती.”

“रंगवायला आणताना ताडपत्री घालून आणतात का? उघडीच आणतात.”

एकतीस वर्षं माझ्यापुढे गाड्या उघड्याच आल्या. ताडपत्री काढून, दोऱ्या सोडून, धुऊन-पुसून. लोड भरून निघालेली, बांधलेली गाडी मी कधी निरखून पाहिलीच नव्हती. एकशे चाळीस मापं घेतली आणि ताडपत्री अंदाजानं केली. आणि तिनं भावाच्या घरी जाऊन मोजून केली होती.

“काजं किती आहेत?” मी विचारलं.

“बावीस,” मेव्हणा म्हणाला. “खऱ्यावर बावीस, यावर बावीस. एक काज तिनं मुद्दाम फाटकं ठेवलंय. तेही तसंच आहे.” मग आवाज खाली आणून, त्याच्या मानानं खाली, म्हणाला, “कापड कमी नव्हतं पडलं तिला.”

“मला माहीत नव्हतं.”

“तू विचारलं नाहीस.”

तेहेतीस वर्षांत तो मला कधी एकेरीत बोलला नव्हता. भांडतानासुद्धा ‘भावजी, तुम्ही’ असंच.

बाई गुणांच्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मी वाकलो आणि कागदी ताडपत्रीच्या कडेखाली नख घातलं. सर ओरडले, “काका, परीक्षण चालू आहे! आता मॉडेलमध्ये बदल करता येत नाही, नियम आहे!” गोंद चांगला बसला होता, मीच लावलेला. ओढली तेव्हा ती करकरून निघाली आणि डाव्या फाळक्याचा रंग तिच्याबरोबर आला. सरळ रेघेचा निम्मा तुकडा गेला.

“अरेरे,” उंच परीक्षक म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

मी मेव्हण्यापुढे हात पसरला नाही. बाजूला झालो. “बांध,” मी म्हणालो. “मला बांधता येत नाही.”

त्यानं कापड उघडलं, ट्रकवर टाकलं, चार बोटांनी कडा खाली ओढल्या. माझ्या डब्यातला मेणाचा दोरा मी त्याला दिला. त्या जाड बोटांनी तो एकेका काजातून दोरा ओवत गेला, खालच्या हुकाला अडकवत, ओढत, पुन्हा वर. एक-दोनदा दोरा सुटला तेव्हा त्यानं शिवी हासडली. बाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटची गाठ मारून त्यानं सवयीनं ताडपत्रीवर एक थाप मारली, आणि अख्खा ट्रक हलला.

वाईट दिसत होतं. खोटं कशाला सांगू? धागा न् धागा दिसत होता. गोणपाट. फाळक्याचा रंग उडालेला. आणि मागच्या कोपऱ्यात काळं ठिगळ, त्याला नखाच्या टोकाएवढे टाके. मी भिंग मागून घेतलं. टाके दुहेरी होते. जाड ताडपत्रीला घालतात तसे. अस्तराला दुहेरी टाक्याची काही गरज नसते.

“स्केल गेलं, काका,” परीक्षक म्हणाले.

“माहीत आहे.”

“आम्हाला हे बाद करावं लागेल.”

“करा. तुमचं काम करा.”

ते पुढच्या टेबलाकडे गेले. सर माझ्यावर चिडलेच होते. जाता जाता म्हणाले, “तीन वर्षं घालवलीत, आणि पहिला नंबर असा स्वतःच्या हातानं...” मी त्यांना म्हणालो, “सर, तुमच्या जीपला आरसा उलटा लागलाय. तो बघा आधी.” ते गेले.

आम्ही दोघं उरलो. मेव्हणा ट्रककडे बघत होता. मी खुर्चीवर बसलो.

“घेऊन जा,” मी म्हणालो.

“उपकार नकोत मला.”

“उपकार कसले? तिनं दिली होती ना? मी अडवून बसलो होतो. घेऊन जा.”

“अशी सोललेली?”

“तुला सरळ रेघ नकोच होती.”

तो हसला नाही. मीही नाही. मी टेबलाखालून खोकं काढलं. आत स्पंज कापून ट्रकच्या आकाराची जागा केली होती. त्यानं खोक्याकडे पाहिलं आणि नको म्हणाला. “बसमध्ये मांडीवर घेतो. खोक्यात घातली की दिसत नाही.”

“धक्का लागेल.”

“मला गाडी चालवायला शिकवता काय, भावजी?”

त्यानं ट्रक दोन्ही हातांवर घेतला, खालून, चेसीला धरून. कुठं धरायचं ते मी सांगितलं नव्हतं. दारापर्यंत गेला आणि मागं न बघता म्हणाला, “घरी येऊ नका लगेच. मला राग आहे अजून.”

“मी येत पण नाही,” मी म्हणालो.

नियमाप्रमाणे सहा वाजेपर्यंत टेबल सोडता येत नाही. मी बसून राहिलो. लोक येत होते, शेजारच्या टेबलावरची लाल मोटार बघत होते, मग माझ्यापुढे येऊन रिकाम्या टेबलाकडे आणि माझ्याकडे बघत होते. एका बाईंनी विचारलं, “इथे काय होतं?”

“ट्रक होता.”

“कुठे गेला?”

“मालक घेऊन गेले.”

“मग तुम्ही कशाला बसलात?”

“सहा वाजेपर्यंत बसायचं असतं,” मी म्हणालो.

सहाला सगळे आपापल्या गाड्या स्पंजात घालायला लागले. हे हळू धर, ते आधी उचल, अशी एकमेकांवर खेकसाखेकसी चालली होती. मी ब्रश डब्यात टाकले. खोक्याचं झाकण लावून ते उचललं आणि निघालो. दारावरच्या शिपायानं मला येताना पाहिलं आणि लगबगीनं दाराची दोन्ही कवाडं उघडून धरली. समोरून वर येणाऱ्या दोघांना त्यानं भिंतीकडे सारलं.

“सरका, सरका. काकांच्या हातात नाजूक सामान आहे.” मग मला म्हणाला, “सावकाश काका. पुढं पायऱ्या आहेत.”

माझ्या लक्षात आलं, मी खोकं खालून दोन्ही हातांनी धरलं होतं, छातीशी. वजन काहीच नव्हतं. मी “हो” म्हणालो आणि एकेक पायरी बघून खाली उतरलो.